कागद मी लावला

दाजी, तुमचा तिसरा झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी दुकान उघडलं. घरात कुणी काही बोललं नाही, पण बायकोनं डबा हातात देताना माझ्याकडं बघितलं नाही, म्हणजे बोलल्यासारखंच झालं. मी तरी काय करू? तीन दिवस अक्काच्या घरी सतरंजीवर बसून काढले. येणारा म्हणायचा, अचानकच झालं की हो. मी म्हणायचो, हां, अचानकच. तो उठायचा, दुसरा बसायचा, परत तेच. चौथ्या दिवशी शटर वर केलं, मशीन चालू केलं, कागद लावला. मला वाटलं होतं, आज हे यंत्र नक्की नाटकं करणार. केली नाहीत. पहिला कागद सरळ गेला, दुसरा सरळ गेला, वीसच्या वीस गेले. एक तिरका नाही, दोन एकदम नाहीत, अडकला एकही नाही. मी स्टुलावर बसून बघत होतो. मला काहीच वाटलं नाही.

रडू अजून आलेलं नाही. स्मशानात सगळे रडले. भाचा रडला, कारखान्यातले तुमचे जुने सोबती सायकली बाहेर लावून आले, ते रडले. मी लाकडं नीट रचलीत का ते बघत होतो. एक ओंडका तिरका होता, तो वाकून सरळ केला. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला तर मी त्याला विचारलं, चहा घेतला का? स्मशानात, दाजी. 

लोक लिहितात तसं तुमचं चांगलं चांगलं लिहायला मी बसलेलो नाही. माझ्याकडून तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. सोळा महिने राहिली. आता तुम्ही नाही, उरली अक्का. तिला सांगायची का नाही, एवढंच डोक्यात घेऊन मी हिंडतोय. सांगितली तर सख्खी एकुलती एक बहीण तुटायची भीती आहे. नाही सांगितली तर माझी चूक तुमच्या नावावर कायमची राहील, आणि तिच्या मनात तर ती आजही तुमच्याच नावावर आहे. म्हणून म्हटलं, आधी तुमच्यापुढं मांडतो. तुम्ही मध्ये बोलणार नाही हे माहीत आहे. तसेही तुम्ही माझ्या बोलण्यात कधी मध्ये बोलला नाहीत.

तुमचं आणि अक्काचं लग्न झालं तेव्हा मी दुसरीत होतो. पहिल्या दिवाळीला मी तुमच्याकडं राहायला आलो आणि तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून अक्कलकोट रोडच्या कारखान्यात नेलंत. दारात थांबून माझ्या कानात कापसाचे बोळे घातलेत. आत मागांचा तो दणदणाट, आणि तुम्ही त्या दणदणाटात डोळे मिटून उभे. मग एका मागाकडं बोट केलंत आणि जाऊन तोच थांबवलात. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसं कळलं? तर म्हणालात, बाकीची पंचवीस बरोबर बोलत व्हती, त्ये एकटंच तोतरं बोलत व्हतं. मी शाळेत वर्षभर सांगत होतो, माझ्या दाजींना मशीनची भाषा येते.

कारखाना बंद पडला तेव्हा तुमचं वय असं होतं की दुसरीकडं कुणी घेणार नाही आणि घरी बसवणार नाही. माझं दुकान नुकतं लागलं होतं. फोटो छापलेले चहाचे मग, जर्सी, उशा, शाळांची बक्षिसं. अक्का म्हणाली, सुऱ्या, त्यांना तुझ्याकडं येऊ दे, घरात बसून ते मागाबिगर वेडे होतील. मी म्हटलं, अगं विचारतेस काय, दुकान दाजींचंच आहे. हे मी खरंच मनापासून म्हटलं होतं. नंतर तोंडातून काय काय निघालं ते पुढं येतंच.

तुम्ही आलात तेव्हा सब्लिमेशनचं मशीन तुम्ही आयुष्यात बघितलेलं नव्हतं. कागदावर उलटं छापायचं, तो कागद कापडावर ठेवून गरम प्रेसखाली दाबायचा, आणि रंग कापडात उतरतो. एकदा उतरला की धुतलं तरी जात नाही. पहिले दोन दिवस तुम्ही नुसते बघत बसलात. तिसऱ्या दिवशी मी मशीनला शिव्या देत होतो, कारण ते एकदम तीन-तीन कागद ओढत होतं. तुम्ही उठलात, गठ्ठा बाहेर काढलात, पत्त्यांसारखा पिसलात, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्यात, त्यातले दहाच कागद परत लावलेत. कडेच्या सरकपट्ट्या मी आवळून बसवायचो. तुम्ही त्या कागदाला टेकतील एवढ्याच आणल्यात. म्हणालात, "आवळायचं न्हाय. नुसतं कळलं पायजे त्याला, कडंला कोनतरी हाय म्हनून." एकेक कागद जायला लागला. तुम्ही कानडीत हळूच 'हौदु', म्हणजे होय, म्हणालात आणि जाऊन बसलात.

मग ते तुमचंच खातं झालं. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात कागद पापडासारखा वर वळतो, तर तुम्ही पुडा फळीखाली दाबून ठेवायचात आणि लागतील तेवढेच कागद बाहेर काढायचात. पावसाळ्यात ते एकमेकांना चिकटायचे, तेव्हा काढून हवेवर धरायचात. आजूबाजूच्या कारखान्यांतून टॉवेलची तुसं उडत येतात आणि रोलरच्या रबराला बसतात. मग ते रबर गुळगुळीत होतं, नुसतं फिरतं, कागद धरत नाही. तुम्ही दर सोमवारी ओल्या कापडानं ते पुसायचात आणि पूर्ण वाळल्याशिवाय मला हात लावू द्यायचा नाहीत. कापडही कुठलंच चालायचं नाही. टॉवेलचं तर नाहीच. माणूस आयुष्यभर टॉवेल विणतो आणि सांगतो, टॉवेलनं पुसू नको, तो तुसं सोडतो. मी हसायचो.

पंख्यावरून तर आपली रोज जुंपायची. एप्रिलमध्ये दुपारी बाराला मला पंखा पाहिजे, तुम्हाला बंद पाहिजे, कारण वाऱ्यानं कागदाचं टोक उचलतं. मी लावायचो, तुम्ही उठून बंद करायचात. शेवटी दोघंही घामानं निथळत बसायचो आणि गिऱ्हाईक आलं की विचारायचं, लाईट गेली का? तो पंखा परवा मी लावला. दिवसभर फिरत होता. कुणी बंद केला नाही.

आता ते माळशिरसचं सांगतो. तिकडच्या एका शाळेचे सर मुलींच्या कबड्डी संघाच्या बारा जर्सी करायला आले होते. पाठीवर नाव आणि नंबर. दुसऱ्या दिवशी सामने. सर बाकावर बसून होते, संध्याकाळच्या एसटीनं घेऊनच जाणार होते. कागद तुम्ही लावत होता, प्रेस मी दाबत होतो. मी कागदाची कड धरून जर्सीवर ठेवायचो आणि दाबायचो, वर काय छापलंय ते बघायचोही नाही. चौथी जर्सी काढली तेव्हा सर उठून जवळ आले आणि म्हणाले, हे वाकडं दिसतंय का हो? बघितलं तर चारही वाकड्या. नंबर डावीकडं कललेले, सात नंबर तर दारू प्यायल्यासारखा. कागदच मशीनमधून तिरका येत होता.

तुम्ही मशीनचं झाकण उघडलंत. रोलरवर बोट फिरवलंत, बोट नाकाशी नेलंत आणि म्हणालात, "सुऱ्या, डावीकडं घसरतोय बघ. शेंगतेलाचा वास येतोय की ह्याला."

माझं डोकं आधीच फिरलं होतं. सर बघत होते, चार जर्सी वाया गेलेल्या, आणि तुम्ही आपले वास घेत बसलाय. मी म्हणालो, "दाजी, वास घेऊन मशीन चालत नसतंय. हा टॉवेलचा माग न्हाय. उद्यापासनं मशीनला हात लावू नका तुमी."

आपल्याकडं दाजींना पाटावर बसवून आग्रह करून वाढतात. ताटात काही कमी पडलं तर सगळं सासर उठून उभं राहतं. तुम्ही आमच्या दारात आलात की माझी आई डोक्यावरचा पदर सावरायची. त्या माणसाला मी परक्या गिऱ्हाइकासमोर हे बोललो. सर खाली मान घालून मोबाईल बघायला लागले. तुम्ही झाकण लावलंत, हळू, आवाज न करता, आणि प्रेसजवळ जाऊन उभे राहिलात. उरलेले कागद मी एकेक हातानं धरून सोडले, ते जवळपास सरळ आले. मग तर माझी खात्रीच झाली की चूक तुमच्या लावण्याची होती.

त्या दिवशी मी खोटा नव्हतो, दाजी. मूर्ख होतो, तोंडाळ होतो, पण मला खरंच तसं वाटत होतं. खोटेपणा त्याच्या तिसऱ्या दिवशी सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माल पोचवायला गेला होता. मी स्वतः कागद लावला, तुमच्या पद्धतीनं, दहाच, पट्ट्या टेकवून. तिरका गेला. परत लावला. परत तिरका. वाया गेलेल्या जर्सीचा एक पांढरा तुकडा कापला, ओला केला आणि रोलर पुसला. डावीकडचा भाग पुसल्यावर कापड केशरी झालं. मी ते नाकाला लावलं. शेंगाचटणी. आपल्या घरची, लसूण घातलेली, तेल सुटेस्तोवर कुटलेली. आणि मला सगळं आठवलं. सरांच्या जर्सी ज्या दिवशी केल्या त्या दिवशी सकाळी मी लवकर आलो होतो. तुम्ही यायच्या आत चार कागद काढू म्हटलं तर मशीन कागद उचलेना. घाईघाईत मी डब्यातलं भाकरी बांधलेलं फडकं ओढलं, पाण्यात बुडवलं, रोलर पुसला आणि मोकळा झालो. त्या फडक्यात कडक भाकरी आणि चटणी होती. तेल फडक्यात उतरलेलं, फडक्यातलं रोलरवर. दुकानात चटणी मी एकटा खातो. तुम्हाला पित्ताचा त्रास, तुमच्या डब्यात कायम दहीभात.

रोलर दोनदा पुसला, वाळू दिला. कागद सरळ गेला. तो केशरी तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि वर जुना पेपर टाकला. त्या पेपरची काय गरज होती? तुम्ही काय माझा कचरा उपसणार होता? पण टाकला.

अर्ध्या तासानं तुम्ही आलात. कागद सरळ जाताना बघून तुमचा चेहरा उजळला. मागचं सगळं विसरून जवळ आलात आणि विचारलंत, "काय केलास रं सुऱ्या?"

मी म्हणालो, "काय न्हाय. कागद मी लावला."

एवढंच. हे सांगताना माझा हातसुद्धा थांबला नाही. तुम्ही 'बरं' म्हणालात. त्यानंतर मला सुऱ्या म्हटलं नाहीत, सुरेशराव म्हणायला लागलात. 'सुरेशराव, तुमी जेवून घ्या.' 'सुरेशराव, गिऱ्हाईक आलंय बगा.' लोकांना वाटायचं, काय मान देतात मेव्हण्याला. माझ्या अंगाला ते रोज ओरखडायचं आणि मी रोज ओ द्यायचो.

आणखी दोन दिवसांनी अक्का आली. हातात डबा, धपाटी आणि दही. तुम्ही बँकेत गेला होता, ती ते बघूनच आली असणार. माझ्यासमोर बसली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, त्यांचं वय झालंय रे, जन्म मागावर गेला, कागदाचं नाजूक काम त्यांना उमगत नसेल, तू सांभाळून घे. माझी थोरली बहीण, जिनं मला कडेवर घेऊन शाळेत सोडलं, ती माझ्यासमोर तुमच्यातर्फे माफी मागत होती. आणि मी काय केलं माहीत आहे? मी तिला माफ केलं. म्हणालो, असू दे गं अक्का, माणसाकडून चुकतं. वर धपाटं तोडून खाल्लं. चांगलं झालं होतं.

त्यानंतर सोळा महिने तुम्ही मशीनला हात लावला नाहीत. कागद अडकला की तुम्ही उठून यायचात, हात पाठीमागं बांधायचात आणि उभ्यानं सांगायचात. मागचं झाकण उघडा. आता ऐका. चाक फिरतंय का घसरतंय? घसरलं की आवाज सुळसुळ येतो, अडकलं की कट्ट येतो. कट्ट आला म्हणजे आत काहीतरी हाय, कागदाचा तुकडा बघा. ओढू नका उलटा, जिकडनं जानार तिकडनंच काढा, न्हायतर आतलं नाजूक पातं मोडंल. कधी मशीन 'कागद अडकला' म्हणून लाल दिवा लावायचं आणि आत कागदच नसायचा. तुम्ही सांगितलंत की आत एक छोटी दांडी आहे, कागद आला की ती दबते. तिच्यावर तुसं बसली की ती दबलेलीच राहते आणि मशीनला उगाच वाटतं, आत कागद आहे. फुंकर मारली आणि दिवा गेला. मी वर बघितलं तर तुमच्या पाठीमागं बांधलेल्या हातांची बोटं हलत होती.

मी दहादा म्हटलं असेल, दाजी, बघा की जरा तुम्हीच. तुम्ही म्हणायचात, "न्हाय सुरेशराव, तुमचा हात बसलाय आता." यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो आणि भांडणात एकदाचं बाहेर पडलं असतं.

दोनदा अगदी ओठावर आलं होतं. एकदा गणपतीत. आपण दोघं टपरीवर चहा पीत होतो आणि तुम्ही सहज म्हणालात की तुम्हाला स्वप्नात अजून मागांचा आवाज येतो. मी म्हणालो, दाजी, एक सांगायचंय. तुम्ही कप खाली ठेवून माझ्याकडं वळलात. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात दुकानाला रंग काढावा म्हणतोय. तुम्ही म्हणालात, काढा की. दुसऱ्यांदा, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. डोळ्यावर पट्टी, खाटेवर पडलेले, मी एकटाच जवळ. तुम्हाला माझा चेहराही दिसत नव्हता, यापेक्षा सोपं काय पाहिजे? मी तुम्हाला मोसंबी सोलून दिली आणि घरी आलो.

शेवटचे काही महिने तुम्ही माझ्या मागं लागला होता की रोलवर छापणारं मोठं मशीन घेऊ. सुट्या कागदाची कटकट नको, रोल म्हणजे मागावरच्या सूत गुंडाळलेल्या बीमसारखाच, फक्त ताण दोन्हीकडं सारखा ठेवायचा. "त्यो ताण मी बघीन," म्हणालात. मी जागा नाही म्हटलं. मग वीज पुरत नाही म्हटलं. मग आपल्याकडं एवढं काम कुठं आहे म्हटलं. जागा होती, दाजी. मागची खोली रिकामीच होती. पण रोलचं मशीन आलं असतं तर तुम्हाला त्याला हात लावा म्हणावं लागलं असतं. ते म्हणायचं तर आधीचं ते मागं घ्यावं लागलं असतं, आणि ते मागं घ्यायचं तर का ते सांगावं लागलं असतं. एवढ्यासाठी मी ते मशीन घेतलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, मेव्हणा चिकट आहे. वाटू दिलं.

तुम्हाला माहीत होतं का? तुमच्या नाकाला चुकेल असा तो वास नव्हता. पण 'दाजींना सगळं माहीत होतं' असं म्हटलं की मला फार सोपं जातं, म्हणून मी ते म्हणत नाही. तुम्ही मला कधी विचारलं नाहीत आणि मी कधी सांगितलं नाही. खरं तेवढंच आहे.

मंगळवारी सकाळी अक्काचा फोन आला तेव्हा मी दात घासत होतो. ती म्हणाली, यांच्या छातीत दुखतंय, घाम आलाय. मी पोचलो तेव्हा रिक्षा दारात होती. तुम्ही मधे बसला होता, एकीकडं अक्का, एकीकडं मी. दवाखान्याच्या अलीकडच्या चौकात सिग्नल लागला. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "दुकान उघडलं न्हाय का?" मी म्हणालो, उघडतो की दाजी, आधी तुमचं बघू. सांगायला तोही एक मिनिट होता. अख्खा एक सिग्नल. पण सांगायचं माझ्या ध्यानातही आलं नाही, तेव्हा मी फक्त रिक्षावाला पुढं का जात नाही ते बघत होतो.

इथपर्यंत लिहून कागद ड्रॉवरमध्ये टाकला होता. काल अक्काकडं गेलो.

ती खाली बसून तुमचे शर्ट घडी घालून पिशवीत भरत होती, द्यायला. म्हणाली, ये, बस. मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. फडकं, चटणी, केशरी तुकडा, वर टाकलेला पेपर, 'कागद मी लावला.' आवाज माझाच होता, पण दुसरंच कुणी तरी वाचून दाखवतंय असं वाटत होतं. ती मान खाली घालून घड्या घालत राहिली. मला वाटलं, हिला ऐकू जातंय का नाही. माझं बोलून झालं तरी ती एक बाही सरळ करत होती.

मग म्हणाली, "कवा कळलं तुला?"

"तिसऱ्या दिवशी."

"मी डबा घेऊन आले व्हते, त्याच्या आदी का नंतर?"

"आदी."

तिनं शर्ट मांडीवर ठेवला. मग तिनं मला जे सांगितलं ते तुम्हाला माहीतच आहे, दाजी, मलाच माहीत नव्हतं. त्या दिवशी ती माझ्याकडून घरी गेली आणि तुम्हाला म्हणाली, मी सुऱ्याची माफी मागून आले, त्यानं मोठ्या मनानं सोडून दिलं. तुम्ही म्हणालात, ते माझ्या हातून झालेलं नाही, रोलरला तेल होतं. ती म्हणाली, मग काय माझा भाऊ खोटं बोलतोय? तुम्ही ताटावरून उठलात. त्यानंतर तो विषय तुमच्या घरात परत कधी निघाला नाही. तिला वाटलं, चूक होती म्हणूनच गप्प बसलात.

"तू तवा बोलला असतास," अक्का म्हणाली, "तर मी त्यांना म्हनले असते, तुमचं खरं व्हतं. सोळा महिनं व्हतं रे माझ्याजवळ."

ती रडली नाही, ओरडली नाही. मी वाट बघत होतो की ती मला चालता हो म्हणेल. मला तेच हवं होतं, मग मी उठलो असतो. ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली, लहानपणी मी शाळा बुडवून आलो की बघायची तशी नाही, दारात आलेल्या अनोळखी माणसाकडं बघावं तशी. मग विचारलं, "आनि काय लपवलंयस माझ्यापासनं?"

मी म्हणालो, "काय न्हाय अक्का. येवढंच व्हतं. तुझी शप्पत."

तिनं मान हलवली आणि पुढचा शर्ट घेतला. मी खरं बोलत होतो, दाजी. तिला ते खरं वाटलं नाही.